पहिली 'माझी' ओवी, पण यात माझं किती?

ताम्हिणी_घाट (धागाकर्ती)

बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात माध्यमांचा अभ्यासक्रम करते, दुसरं वर्ष. कोथरूडला पीजी म्हणून राहते, घर पौडच्या पुढे, मुळशी तालुक्यात. या सत्रात आम्हाला डिजिटल स्टोरीटेलिंगचा पेपर आहे. नाव भारदस्त असलं तरी प्रकार साधा आहे. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात डेना ॲचली, जो लॅम्बर्ट वगैरे मंडळींनी साध्यासुध्या माणसांना बसवून, घरातले फोटो आणि स्वतःचा आवाज एवढ्या भांडवलावर दोन-तीन मिनिटांची गोष्ट करायला शिकवलं, तिथून हे आलं. त्यांचे सात घटक आमच्याकडून पाठ करून घेतलेत. मला त्यातला एकच खरा कळला, 'तुमच्या आवाजाची देणगी'. बाकीचे सहा परीक्षेपुरते.

तर गृहपाठ असा होता की आधीच अस्तित्वात असलेलं काहीतरी घ्यायचं आणि त्यातून आपली गोष्ट करायची, म्हणजे रिमिक्स. मी आजीच्या ओव्या घेतल्या.

आजी ७८ वर्षांची. जातं पडवीच्या कोपऱ्यात, त्यावर कित्येक वर्षं नुसती घागर ठेवलेली. मी म्हटलं, आजी, नुसत्या म्हण ना ओव्या, मी फोनवर घेते. तिनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. "हात फिरल्याबिगर तोंडात येत नाय." मग जातं ओढून काढलं, झाडलं. खुंटा हलत होता, त्याला चिंधी गुंडाळून ठोकून बसवला. फोन डब्याला टेकवून उभा केला. आजीनं मूठभर नाचणी टाकली, एक पाय लांब केला आणि जी सुरू झाली ती ४१ मिनिटं. मधे एकदा "च्या ठेव गं" एवढंच म्हणाली, तेही जवळपास चालीतच.

त्यातली ही एक:

पहिली माझी ओवी गं, पाटीतल्या दाण्याला
लेक माझी गेली बाई, येष्टीनं पुण्याला

ही लेक म्हणजे माझी आत्या. आजी म्हणाली, तिची आई हीच ओवी 'गाडी जुपली पुण्याला' अशी म्हणायची. आत्या एसटीनं गेली म्हणून हिनं येष्टी घातली.

आता मी काय केलं ते सांगते, कारण खरी भानगड तिथेच आहे. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) नॉइज रिडक्शन लावलं. नुसत्या घरघरीचा तुकडा निवडायचा, 'हा गोंगाट' अशी त्याची ओळख करून द्यायची आणि मग अख्ख्या फाइलमधून तो पुसायचा. पुसला. आजीचा आवाज स्वच्छ झाला आणि विहिरीतून आल्यासारखा लागायला लागला. काकणांचे ठोके तेवढे मधेमधे उरले, कशाचे ते कळेनात. मग मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीचा हलगीचा एक फुकट लूप उतरवून घेतला आणि आजीला त्यावर बसवायला लागले. ती बसेना. तिचा एक फेरा कधी अडीच सेकंदांचा, कधी तीनचा, आणि दाणे टाकताना तर ती मधेच थांबते. म्हणून कुठे आवाज ताणला, कुठे दाबला, थांबे कापले. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बसवलं. काकानं काढलेले जुने फोटो लावले. पीजीतल्या सगळ्यांना आवडलं, एकीनं तर रिंगटोन केला.

सरांचा शेरा: "जमलंय छान, पण यात तुझं काय? ओवी आजीची, हलगी उतरवलेली, फोटो काकांचे." २५ पैकी ११. (वर्गात पावसावरच्या स्वरचित कवितेला २१ मिळाले. तिच्यात मृद्गंध दोनदा दरवळला, पण तो कवयित्रीचा स्वतःचा होता म्हणे.)

ते मी पचवलं असतं. पण आत्यानं ऐकलं. त्या ओवीतली लेक तीच. पूर्ण ऐकून फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "शब्द आईचेच हायेत, पण ही आई नव्हं."

म्हणजे सर म्हणतात तू काहीच केलं नाहीस, आणि आत्या म्हणते फार केलंस. दोघंही मला बरोबर वाटतात. तुम्हाला काय वाटतं?

---

खडूस_काका

रिमिक्स हा शब्द ऐकला की आमच्या पिढीच्या पोटात गोळा येतो. २०००च्या आसपास जुन्या सुरेख गाण्यांच्या मागे ढुमढुम लावून जो धुमाकूळ घातला गेला तो आम्ही सोसलाय. दुसऱ्याचं घ्यायचं, वेग वाढवायचा आणि वर सर्जनशीलता म्हणायचं. चोरीला इंग्रजी नाव दिलं की ती कला होते का? ११ म्हणजे सर उदार आहेत.

बाकी आजींना नमस्कार. 'येष्टीनं पुण्याला' वाचून आमच्या आईची आठवण झाली.

---

पडदा_वर

काका, तुम्ही भरत नाट्य मंदिरात पुढच्या रांगेत बसून ज्यावर मान डोलावता ते काय आहे मग?

संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी याच पुण्यात झाला. गोष्ट मुळात महाभारतातली, ती कालिदासानं उचलून पार बदलली, ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठीत आणली आणि पदांना चाली दिल्या त्या आधीच लोकांच्या तोंडात असलेल्या. साकी, दिंडी, कीर्तनातली पदं, लावण्या, कानडी चालीसुद्धा. चोरीच म्हणायची तर तीन पिढ्यांची साखळी आहे.

पण जुनी नाटकाची पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेलं असतं, 'चाल: अमुक अमुक'. ज्या पदावरून चाल घेतली त्याचे पहिले दोन-तीन शब्द. वाचणाऱ्याला तेवढ्यावर चाल कळायची, आणि घेतलीय कुठून तेही उघड व्हायचं. लपवाछपवी नाही की कमीपणा नाही. माझ्याकडच्या एका जुन्या प्रतीत तर कुणीतरी पेन्सिलीनं त्या 'चाल'पुढे 'ही नको, दुसरी' असं लिहून ठेवलंय. म्हणजे वाचकसुद्धा रिमिक्स करत होता.

ताम्हिणी, तुझ्या फिल्मच्या शेवटी नावं दिली होतीस का?

---

ताम्हिणी_घाट

आजीचं दिलं होतं. हलगीवाल्याचं नाही. तो लूप सीसी झिरो परवान्याचा होता, म्हणजे नाव द्यायची सक्ती नसते. आता लिहिताना लाज वाटतेय. कुणीतरी बसून वाजवली असेलच ना ती हलगी.

---

कलम_दवात

कायद्याचं थोडं सांगतो, धंदाच तो आहे. सल्ला समजू नये, गप्पा समजाव्यात.

काकांचा राग बरोबर आहे, पण त्या काळातला बराचसा धुमाकूळ कायद्यात बसवूनच चालला होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तेव्हा तरतूद अशी होती की मूळ गाणं ध्वनिमुद्रित झाल्यावर दोन कॅलेंडर वर्षं उलटली की ठरलेली रक्कम भरून दुसऱ्याला नवी आवृत्ती काढता येई. २०१२च्या दुरुस्तीत तिथे कलम ३१ग आलं. आता पाच वर्षं थांबावं लागतं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आधी भरावं लागतं, आणि ही नवी आवृत्ती आहे असं वेष्टनावर स्पष्ट लिहावं लागतं.

आता आजी. पारंपरिक ओवी कुणा एकाच्या मालकीची नाही. पण गाणारी बाई कायद्याच्या नजरेत कलाकार असते, आणि कलाकाराचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं चालतो. तिच्या संमतीशिवाय ते ध्वनिमुद्रित करता येत नाही. शिवाय येष्टीची ओळ आजींनी स्वतः रचली असेल तर त्या ओळीपुरत्या त्या कवयित्री आहेत: हयातभर आणि पुढे ६० वर्षं.

सगळ्यात गंमत कलम ३८खची आहे, तेही २०१२चं. कलाकाराला दोन गोष्टी मागता येतात. एक, माझं नाव लावा. दोन, माझ्या सादरीकरणाची मोडतोड करून माझ्या नावाला बट्टा लावू नका. आणि त्याखाली स्पष्टीकरण आहे की नुसतं संपादनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी काही भाग काढला तर ती मोडतोड धरायची नाही. म्हणजे ४१ मिनिटांची तीन मिनिटं केलीस तिथे कायदा तुझ्या बाजूला आहे. ताणणं-दाबणं मात्र नुसत्या कापण्यात मोडत नाही. आजींची बदनामी झाली असं कुणी म्हणणार नाही, पण आत्याबाईंनी जो फरक कानानं पकडला तो या कलमातही आहे, एवढंच.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), संमती घेतली होती का?

---

ताम्हिणी_घाट

"घे की, माझं काय जातंय" असं म्हणाली होती. पण मी तिला 'रेकॉर्ड करते' एवढंच सांगितलं होतं. हलगीवर चढवणार हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

---

पाठभेद

भर गणपतीच्या गावात बसून सांगतो, व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं ही गोष्ट महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. भांडारकर संस्थेनं १९१९ साली काम सुरू केलं, १९६६ला पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. गणपतीचा तो प्रसंग मागाहून शिरलेला ठरला आणि परिशिष्टात गेला. फेकून दिला नाही, परिशिष्टात ठेवला, हे लक्षात घ्या. पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला श्लोक आणि खाली तळटिपांत कुठल्या पोथीत काय वेगळं आहे याची बारीक अक्षरांतली रांगच्या रांग. विधी महाविद्यालय रस्त्यावरून जाताना आत डोकावून एखादा खंड चाळलात तर कळेल, कित्येक पानांवर तळटिपाच जास्त जागा खातात.

माझं म्हणणं, ही जी शेकडो नकलकारांची 'मी थोडं घालतो' वृत्ती आहे, तिलाच आपण परंपरा म्हणतो. फक्त ते नकलकार निनावी मेले म्हणून त्यांना कुणी २५ पैकी ११ दिले नाहीत.

आता दुसरी बाजू. एकनाथ महाराज. त्यांनी भारुडं रचली ती वासुदेव, जोगवा, विंचवाचा उतारा असल्या लोकांच्या चालत्या सोंगांवर. आजच्या भाषेत पक्के रिमिक्सवाले. त्याच एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, मधे घुसलेलं काढलं आणि शेवटी बजावून ठेवलं:

ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात नारळाची करवंटी. माणूस एकच. वासुदेवाला हात लावताना कचरला नाही, ज्ञानेश्वरीत मात्र कुणाला हात लावू देईना. मला यात विसंगती दिसत नाही. तुमच्या आत्याचंही तेच म्हणणं आहे.

---

खडूस_काका

पाठभेद, मांडलंत चांगलं, पण शेवटच्या ओळीत तुम्ही माझ्याच बाजूला आलात. नरोटी ती नरोटी.

---

पाठभेद

काका, पण तुमच्या नियमानं भारुडंही गेली.

---

बीटवाला_येरवडा

काका लोकांचं चालू द्या, मी जरा कामाचं बोलतो.

ताम्हिणी, चूक रिमिक्समध्ये नाही, चूक ग्रिडमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या ठरीव चौकटीत आहे. तू आधी ९६ लावलंस आणि मग आजीला त्यात कोंबलंस. उलटं कर. आजी आहे तशी टाक. तिच्या प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला खूण कर, जिथे काकण वाजतं तिथे. ते काकण म्हणजे तुझा ठेका आहे बाई! फेऱ्यात एकाच जागी वाजतं ते. तू नॉइज म्हणून काढायला गेलीस ते जातं, आणि जातं हाच बीट आहे. मग सॉफ्टवेअरला सांग की लय माझ्या खुणांप्रमाणे हलव. टेम्पो मॅप म्हणतात त्याला, गाणी करायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. हलगी आजीच्या मागे चालली पाहिजे, आजी हलगीच्या मागे नाही.

आणि लूप कशाला उतरवतेस? ४१ मिनिटं घरघर आहे तुझ्याकडे. एक फेरा काप, खालचे सूर वाढव, वरचे छाट. काय दणका येतो ऐक. खुंट्याचा खट्, नाचणी पडल्याचा सर्र, घागर उचलल्याचा आवाज आला असेल तर तो पण. आख्खा ढोल-ताशा पडवीत आहे तुझ्या.

मी स्वतः दहा सेकंदांच्या तुकड्यांवर रॅप करतो, तेव्हा चोरी कुठे संपते ते मला विचारा. माझा हिशोब: मूळवाल्यासमोर वाजवून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर काहीतरी गडबड आहे.

---

रीळ_न_१४

+१, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

एक पुण्याचाच किस्सा. प्रभात कंपनी १९३३ला कोल्हापूरहून पुण्याला आली. आज जिथे एफटीआयआय आहे तीच जागा. तिथे १९३६ला संत तुकाराम झाला. त्यातलं 'आधी बीज एकले' विष्णुपंत पागनिसांच्या तोंडी आहे, आणि ते तुकोबांचं आहे असं भल्याभल्यांनी धरलं. गाथेत शोधलं तर सापडत नाही, कारण ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं. तुकोबांची बोली, तुकोबांचा ठेका आणि कवी विसाव्या शतकातला.

यात आठवल्यांचं काय? सरांचा प्रश्न इथे लावून बघा. सगळं तुकोबांसारखं आहे, म्हणून काहीच नाही? की एवढं तंतोतंत तुकोबांसारखं लिहिता येणं हेच सगळं? मला हे कोडं विशीपासून आहे आणि अजून सुटलेलं नाही. फक्त आठवल्यांचं नाव कुणाला माहीत नसतं याचं वाईट वाटतं. फार चांगलं काम केलं की नाव पुसलं जातं, हा एक निराळाच जाच.

---

पिंगुळीकर

आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर चित्रकथी आहेत. पोथी म्हणजे चित्रांची चवड. एक चित्र पुढे धरायचं, गाऊन सांगायचं, मग पुढचं. ताम्हिणीचं वर्णन वाचून हसू आलं. फोटो, आवाज, संगीत आणि तीन मिनिटं! चित्रकथ्याला तीन मिनिटांत सुरुवातीचं गणपतीचं नमनसुद्धा आटपत नाही. पुण्यात राजा केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रं आहेत, बघून ये. चित्र तेच, पण सांगणारा दर वेळी वेगळं सांगतो.

बाकी चर्चा उत्तम. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

प्रोसेसर

एवढा खटाटोप कशाला? आता एआयला ४१ मिनिटांचा आवाज दिला की क्लोन होतो. आजींच्याच आवाजात, तुझ्या बीटवर, तुला हव्या त्या नव्या ओव्या. ताणायला नको, दाबायला नको. शंभर ओव्या एका दुपारी.

---

पडदा_वर

आणि दळण कोण देणार?

---

सुगरण_आक्का

मी सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण ओवी म्हटल्यावर राहवलं नाही.

प्रोसेसरभाऊ, तुमचं चुकतंय ते कुठे, ते सांगते. ओव्या शंभर पाहिजेत म्हणून कुणी म्हणत नव्हतं. दळण संपेपर्यंत पुरल्या पाहिजेत म्हणून म्हणायच्या. माझी आई पहाटे दोन पायली दळायची, तेवढ्यात माहेर, सासू, विठ्ठल, सीता सगळं यायचं. पीठ संपलं की ओवी संपली. अर्धी असली तरी.

आणि ताम्हिणी बाळा, एक विचार कर. 'पहिली माझी ओवी' हे शब्द माझ्या आईच्याही ओवीत होते. मावशीच्याही. शेजारच्या काकूंच्याही. गावोगावच्या बायकांची पहिली ओवी 'माझी'च असायची. कुणी कुणाला म्हणालं नाही की हे माझे शब्द घेतलेस. आणि तरी कोण म्हणतंय ते भिंतीपलीकडून कळायचं, कारण गळा वेगळा. आमच्याकडे चाल म्हणत नव्हते, गळा म्हणायचे. 'हिचा गळा तिच्या आईचा आहे' असं.

पुण्याच्याच हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आता त्यातल्या पुष्कळ 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तुझ्या मुळशी तालुक्यातल्या बायका त्यात खूप आहेत. तिथे ओवीखाली बघ काय लिहिलेलं असतं: गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं किती, काम काय. पडदा_वर म्हणतात ती 'चाल' आहे ना, तशीच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या मुलांच्या आकड्यापाशीच अडकले. ओवी ऐकण्याआधीच अर्धी कळली.

तुझ्या फिल्ममध्ये आजीचं नाव कुठे होतं? शेवटी, काळ्या पाटीवर, दोन सेकंद?

---

ताम्हिणी_घाट

हो आक्का. शेवटी. दोनसुद्धा नाही, दीड.

---

ताम्हिणी_घाट

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, रागावू नका.)

गेल्या रविवारी घरी गेले होते. बीटवालादादाचा नियम लावला, आजीला जुनंच वाजवून दाखवलं, हलगीवालं. कानाला फोन लावून तिनं पूर्ण ऐकलं. मला वाटलं आता वाईट वाटणार. तर म्हणाली, "ह्यी कोण एवढ्या घाईनं दळतीय? भरडा पडंल."

मी हसत सुटले. पण मग तिनं समजावून सांगितलं ते असं की जोरात फिरवलं तर पीठ जाड पडतं. मध्ये थांबून दाणे टाकायचे ते वेळेवर टाकले नाहीत तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. म्हणजे मी जे थांबे कापले होते ते दाण्यांचे थांबे होते. माझ्या फिल्मवर दळलं असतं तर भाकरीत कचकच लागली असती. सात घटकांत 'गती' हा एक घटक आहे, त्यावर मी चार पानी उत्तर लिहिलंय. त्यात हे नाही.

मग आम्ही परत घेतलं. या वेळी फोन जात्याजवळ एक आणि आजीजवळ एक, दुसरा आत्याचा. नॉइज काही पुसलं नाही. काकणांवर खुणा केल्या, एका रात्रीत १८० झाल्या, डोळे गेले माझे. हलगी काढून टाकली. जात्याचाच फेरा खाली भरला, आणि खरंच दादा, दणका येतो. आजीचं नाव आता सुरुवातीला आहे, आक्कांनी सांगितल्यासारखं, गाव, वय, 'मुलं: ५, हयात: ४' यासकट. ते विचारायला मला पहिल्यांदा धीर झाला. त्या पाचव्याबद्दल मला माहीतच नव्हतं. त्यावर तिच्या दोन ओव्या निघाल्या. त्या मी घेतल्यात, पण फिल्ममध्ये घालणार नाही. तीही तसंच म्हणाली.

आता नवी अडचण. दुसऱ्यांदा म्हणताना तिनं ओळ बदलली:

पहिली माझी ओवी गं, पाटीतल्या दाण्याला
नात माझी गेली बाई, शिकाया पुण्याला

मी म्हटलं, आजी, मूळ येष्टीची ओळ म्हण ना, मला ती पाहिजे. तर म्हणते, "ती तुझ्या आत्याची. ती घिऊन काय करतीस?"

आता आत्या म्हणते तिची ओळ फिल्ममध्ये राहिलीच पाहिजे, आजी म्हणते नवी ठेव. दोन्ही चांगल्या आवाजात आहेत. सर पुन्हा तपासायला तयार आहेत, मात्र 'तुझा वाटा काय' यावर एक पान लिहून मागितलंय.

---

पाठभेद

मुख्य संहितेत नात, तळटिपेत आत्या. की उलट? हा प्रश्न सोडवायला भांडारकरांना ४७ वर्षं लागली, तुला एक आठवडा आहे.

---

कलम_दवात

दोन्ही ओळींच्या कवयित्री हयात आहेत, त्यांनाच विचार. हे फार थोड्या संपादकांच्या नशिबी येतं. आणि या वेळी संमती घेताना फिल्म आधी दाखव.

---

खडूस_काका

मी ऐकली. तिनं दुवा निरोपात पाठवला होता, दोन्ही आवृत्त्यांचा. पहिली चोरीच होती, मत बदलत नाही. दुसरीला काय म्हणायचं ते सुचलं नाही अजून. जात्याच्या आवाजानं आमच्या घरातला कुत्रा उठून बसला.

ते एक पान लिहिताना 'वाटा' वगैरे जड शब्द वापरू नकोस. १८० खुणा केल्यास तेवढं लिही.

---

बीटवाला_येरवडा

काकाऽऽऽ 🙏

ताम्हिणी, खुणांची फाइल पाठव. हलगी मी खरी वाजवून घेतो, आमच्या गल्लीतल्या पोराकडून, तुझ्या आजीच्या लयीवर. नाव टाकायचं मात्र त्याचं.

---

ताम्हिणी_घाट

पाठवते दादा. नाव सुरुवातीलाच टाकू, आजीच्या खाली.

अवांतर: जातं आता बोथट झालंय, आजी म्हणते टाकी लावून (दगड ठोकून पुन्हा खरबरीत करून) घ्यायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी पीठच पडणार नाही नि तिला म्हणताही येणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाई यायच्या बंद होऊन वर्षं झाली. पुण्यात किंवा पौडकडे कुणी टाकी लावून देणारं माहीत आहे का?

---

सुगरण_आक्का

पाटा-वरवंटा विकणाऱ्यांकडे विचार, मंडईच्या बाजूला बसतात कधीकधी. मी परवा जातेय, बघून सांगते. आणि खुंट्याची चिंधी काढ, नवीन बाभळीचा बसवून घे. चिंधीनं आवाज बसतो.